आठ जवळ, आठ लांब

माझा थोरला भाऊ बिंदुमाधव सापाला घाबरत नाही. पण गेल्या वर्षी जूनपासून जानेवारीपर्यंत तो एका पोरीच्या वहीला जसा घाबरला, तसा मी त्याला उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. मीही घाबरले होते, फक्त मी ते कबूल केलं नाही. आमच्या घरात कबूल करणं हे काम त्याच्याकडेच असतं.

आम्ही त्याला अण्णा म्हणतो. वय चौसष्ट, राहणार येलहंक्याच्या जुन्या गावात, एका सरकारी कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त. आमचं घराणं शहाजीराजांच्या वेळेला इकडे आलं आणि इकडचंच झालं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. आईची तीन मुलं जन्मतःच गेली, तेव्हा कुणीतरी सर्पदोष सांगितला. आईनं इथल्या रीतीप्रमाणे नवस केला आणि आनेकलच्या पुढे, जंगलाच्या कडेच्या एका वाडीत, पिंपळाच्या पारावर नागरकल्लू बसवला. नागरकल्लू म्हणजे दगडात कोरलेला नाग. वर्षाच्या आत अण्णा झाला. मी पाच वर्षांनी झाले, नवसाबिवसाशिवाय, त्यामुळे माझ्यावर कुठल्याच नागाचं ऋण नाही असं मी सांगत असते.

अण्णानं मात्र ते ऋण मनावर घेतलं. अडतिसाव्या वर्षी कारखान्यात खोक्यांच्या मागे नाग निघाला, लोक काठ्या घेऊन धावले, आणि यानं मध्ये पडून त्याला पोत्यात घातलं. पुढे एका जाणत्या गारुड्याकडून नीट शिकला. मग शहरातून कुणाचाही फोन आला की हा निघायचा. नोकरीमुळे आठवडाभर पकडलेले साप मागच्या खोलीत भोकं पाडलेल्या पिंपांत ठेवायचा आणि रविवारी त्यांना घेऊन नागरकल्लूपाशी जायचा. येलहंका शहराच्या उत्तरेला, आनेकल दक्षिणेला. सगळं शहर आडवं येतं. सुरुवातीची वर्षं तो बसनं गेला, पिशवी मांडीवर घेऊन. कंडक्टरनं विचारलं तर म्हणायचा, देवाचं सामान आहे. पाराशी पोचला की दगडाला हळद लावायची, पिशवीचं तोंड दगडाकडे करायचं आणि गाठ सोडायची. साप गवतात शिरला की वहीत तारीख, जात, लांबी आणि शेवटी एक शब्द लिहायचा: सुखरूप.

सव्वीस वर्षांत सहा हजार तीनशे अठरा वेळा त्यानं हा शब्द लिहिला. आकडा मला पाठ आहे, कारण त्या वह्या मीच संगणकावर चढवल्या. मी एकतीस वर्षं मुलींच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. पहिल्याच तासाला सांगायची, जे मोजलंत तेवढंच बोला, त्याच्या पुढे एक पाऊल टाकू नका. आणि अण्णा ज्या संस्थेसाठी साप पकडायचा तिच्या वार्षिक अहवालात दर वर्षी उंच होत जाणाऱ्या खांबांची आकृती मीच काढून दिली, वर मोठ्या अक्षरांत: वाचवलेले साप. पकडलेले नव्हे, वाचवलेले. शिकवणं एक आणि भावाचं कौतुक दुसरं, आणि कौतुकापुढे माझी अक्कल चरायला गेली होती.

संस्थेचे चिटणीस रघुनंदन यांच्या डोक्यात एक योजना होती. नागरकल्लूच्या भोवतालची जागा वनखात्यानं सर्पवन म्हणून जाहीर करावी आणि शहरातल्या सगळ्या सर्पमित्रांनी साप तिथेच सोडावेत. अण्णाचं तर ते स्वप्नच झालं. आईच्या दगडाभोवती कुंपण, पाटी, आणि तो गेल्यावरही तिथे सुटत राहणारे साप. वनखात्यानं मात्र अट घातली: आधी या प्रकल्पाचा उपयोग होतो का ते कुणीतरी त्रयस्थानं मोजून दाखवावं. म्हणून संहिता आली.

संहिता मूळची नागपूरची, वय एकोणतीस, प्राण्यांची संशोधक. पहिल्या दिवशी आमच्या ओसरीवर बसून तिनं सगळ्या वह्या चाळल्या. वसुमती वहिनींनी दिलेला चहा निवून गेला.

"काका, हा शेवटचा कॉलम. सुखरूप. हे तुम्ही केव्हा लिहिता?"

"सोडल्यावर. गवतात गेला की."

"आणि नंतर?"

"नंतर काय? जंगलात जातो तो. त्याचं घर ते."

"पण त्याचं घर तर तुम्ही जिथून उचललं तिथे होतं ना, काका?"

अण्णा हसला. "स्वल्प थांब गं. ती काय घरं? गटार, पंपाची खोली. लोक ठेचतात तिथे."

"ठेचत असतील. मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. म्हणून तर बघायचं."

मला ती पोर तिथल्या तिथे आवडली नाही. कारण तिनं विचारलेला प्रश्न माझा होता आणि मी तो सव्वीस वर्षांत विचारला नव्हता.

पद्धत सरळ होती. सोळा साप घ्यायचे, नाग आणि धामणी. रीतसर परवानगी काढून जनावरांच्या डॉक्टरनं त्यांना भूल द्यायची आणि कातडीखाली शेंगदाण्याएवढं यंत्र बसवायचं. प्रत्येक यंत्राचा आवाज वेगळ्या नंबरावर ऐकू येतो. हातात अँटेना घेऊन फिरलं की टिक्, टिक् करत साप कुठे आहे ते कळतं. आठ साप अण्णाच्या रीतीनं नागरकल्लूपाशी सोडायचे. उरलेले आठ, जिथे सापडले तिथून दोन-तीनशे पावलांच्या आत. दर आठवड्याला संहितानं सोळांचा ठावठिकाणा आपल्या वहीत लिहायचा, सहा महिने. आकडे मी मांडायचे.

"तुझ्या त्या जवळच्या आठांची काळजी वाटते मला," अण्णा तिला म्हणाला. "महिनाभरात एक उरणार नाही."

पहिल्या महिन्याच्या शेवटी लांबच्या आठांपैकी सहा जिवंत होते, जवळच्या आठांपैकी सात. रघुनंदन पेढे घेऊन आले. "बस झालं की, श्यामलाबाई," ते मला म्हणाले. "तीस दिवसांचा अहवाल द्या. आठात सहा. चांगलं दिसतं. सात आणि सहात फरक तो कितीसा?"

फरक खरंच फार नव्हता. पण मी ठिपके नकाशावर मांडले होते आणि माझी झोप उडाली होती. जवळचे साप आपापल्या तुकड्यात फिरत होते. लांबचे साप मात्र कुठेच थांबत नव्हते. एक नाग पंधरा दिवसांत नऊ किलोमीटर गेला होता, एक धामण तलाव ओलांडून हमरस्त्याच्या कडेला पोचली होती. भक्ष्य शोधणारं जनावर असं पळत नाही. बीळ हरवलेलं जनावर असं पळतं. अहवाल तिथेच थांबवला असता तर सर्पवन झालं असतं आणि कुणालाही खोटं बोलावं लागलं नसतं.

मी नकाशा अण्णापुढे ठेवला. त्यानं चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

"ही कुठे निघालीत?" त्यानं विचारलं.

"ते मोजल्याशिवाय कळणार नाही. रघुनंदन थांबा म्हणतात."

"तू काय म्हणतेस?"

"मी काही म्हणत नाही. नाव तुझं आहे, दगड तुझा आहे."

तो उठून ओसरीच्या टोकापर्यंत गेला, परत आला. "मोज," म्हणाला. "सहा महिने म्हणजे सहा महिने." मला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच्या हट्टाचा रागही आला. पेढे तसेच पडून राहिले.

मग ते सुरू झालं. ऑगस्टमध्ये दोन नंबर रस्त्यावर चिरडलेला सापडला. त्याच महिन्यात पाच नंबरचं यंत्र मुंगसाच्या बिळाशी मिळालं. सप्टेंबरात आठ नंबर एका गोठ्यात मारला गेला. सात नंबरची धामण जिवंत सापडली तेव्हा तिच्या अंगावरची कातडी ढिली पडली होती. ती काही खात नव्हती, आणि पुढच्या आठवड्यात गेली. दर गुरुवारी संहिता आणि अण्णा निघायचे, संध्याकाळी संहिताचा फोन यायचा, आणि मी तक्त्यात एक चौकोन काळा करायची. अण्णा घरी येऊन हातपाय धुवायचा, जेवायचा आणि जुन्या वह्या काढायचा. वहिनी मला स्वयंपाकघरात ओढून म्हणायच्या, "थांबव हे, अक्का. वह्या उघडून बसतात आणि पानं उलटतात नुसती." मी थांबवू शकले असते. थांबवलं नाही.

आणि ज्या आठांची अण्णाला काळजी होती, ते? त्यातले दोन गेले, एक कुत्र्यांनी मारला, एकाचं कारण कळलं नाही. बाकीचे सहा मजेत होते. सर्जापूर रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीत पकडलेली धामण त्याच सोसायटीच्या कुंपणामागे राहत होती. रोज सकाळी दीडशे माणसं तिच्यापासून वीस पावलांवर चालायचा व्यायाम करत होती आणि कुणाला पत्ताही नव्हता.

ऑक्टोबरात लांबच्यांपैकी आणखी एक गेला आणि नोव्हेंबरच्या शेवटी एकच उरली, चार नंबर. चांगली साडेचार फुटी नागीण. ती वाडीपासून सहा किलोमीटरवर, आनेकलच्या बाजूच्या एका शिलाई कारखान्यामागच्या पडीक जमिनीत होती आणि सलग दोन आठवडे एकाच जागी. अण्णाला आशा वाटू लागली. "स्थिरावली बघ," म्हणाला. "बीळ मिळालं तिला. कात टाकत असेल." त्यानं त्या एका नागिणीवर सगळं लावलं होतं. एक जरी जगली तरी म्हणता येईल की जगता येतं, जागा जरा सुधारली तर आणखी जगतील. सर्पवनाला अजून वाव होता. त्या गुरुवारी मीही त्यांच्याबरोबर गेले.

भर दुपारची वेळ. संहितानं अँटेना वर धरली आणि आवाज आला. टिक्. टिक्. स्वच्छ आणि जोरदार.

"जवळच आहे," अण्णा कुजबुजला. "पायाखाली बघून चाला."

आम्ही बाभळीतून एकामागे एक निघालो. आवाज वाढत गेला. अण्णा पुढे झाला, हात मागे करून आम्हाला थांबवलं, वाकून झुडपाखाली पाहिलं. काही नाही. आणखी दहा पावलं. आता यंत्र इतकं जोरात वाजत होतं की संहितानं आवाज कमी केला. कारखान्याच्या भिंतीला लागून थोडी साफ केलेली जागा होती आणि तिच्यावर मातीचा लहानसा उंचवटा. त्यावर कुंकू होतं, सुकलेली झेंडूची फुलं होती, आणि दूध ओतल्याचा पांढरा डाग.

अण्णा तिथेच उभा राहिला. आमच्याकडे चुकून नाग मारला गेला तर त्याला माणसासारखं पुरतात, वर दूध घालतात. हे मला सांगायची गरज नव्हती आणि त्यालाही.

कारखान्याच्या मागच्या दारातून एक बाई डबा धुवायला आली होती. धनलक्ष्मी तिचं नाव. आम्हाला पाहून ती दचकली. अण्णानं कन्नडमध्ये शांतपणे विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, पंधरा दिवस झाले. दुपारच्या सुट्टीत बायका जेवायला बसतात तिथे नागीण आली, घाबरून कुणीतरी दगड घातला. "कुठून आली देव जाणे, सर. इथे कधी नव्हती. रस्ता चुकल्यासारखी भर उन्हात फिरत होती. पाप लागलं आम्हाला. आम्ही सगळं विधीनं केलं."

"तुम्हाला नाही लागलं, अम्मा," अण्णा म्हणाला.

मातीखालून यंत्र वाजतच होतं. संहितानं रिसीव्हर बंद केला. ती रडत होती, आणि त्या दिवशी मला ती पहिल्यांदा आवडली.

अहवाल गेला. जवळ सोडलेल्या आठांपैकी सहा जिवंत, लांब सोडलेल्या आठांपैकी शून्य. सर्पवनाची फाईल बंद झाली. रघुनंदन यांनी अण्णाशी बोलणं सोडलं. खात्यानं सूचना काढली की साप शक्यतो सापडल्या जागेच्या जवळच सोडावा. कागदावर एका ओळीची सूचना. ती लोकांच्या गळी उतरवायची कुणी, हे त्यात नव्हतं.

जानेवारीच्या एका सकाळी सर्जापूर रोडवरच्या दुसऱ्या एका सोसायटीतून फोन आला. पंपाच्या खोलीत नाग. अण्णानं दीड महिना एकही साप धरला नव्हता. तो म्हणाला, "श्यामले, तू गाडी काढ. माझे हात आज धड नाहीत."

हात धड नव्हते ते मला खोलीच्या दारातून दिसलं. नाग मोटारीच्या मागे फणा काढून उभा होता. अण्णाची काठी एकदा घसरली, नागानं झेप घेतली आणि ती त्याच्या चपलेपासून चार बोटांवर पडली. माझ्या तोंडून किंचाळी निघाली. दुसऱ्या खेपेला त्यानं शेपूट उचललं, पिशवीचं तोंड पुढे केलं आणि नाग आत गेला. बाहेर तीस-चाळीस माणसं जमली होती. टाळ्या पडल्या. सोसायटीचा चिटणीस सुशांत, पुण्याचा, आयटीतला, पुढे आला.

"थँक यू काका, तुम्ही ग्रेट आहात! आता लांब सोडणार ना? फॉरेस्टमध्ये?"

सव्वीस वर्षं या प्रश्नाला अण्णाचं एकच उत्तर होतं. लोकांना तेच ऐकायचं असतं.

"नाही," अण्णा म्हणाला. "तुमच्या भिंतीमागे तलावाचा ओढा आहे. तिथे सोडतो. तिथलाच आहे तो."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग एकदम गलका झाला. कुणी हिंदीत ओरडलं, कुणी इंग्रजीत. इथे मुलं खेळतात. पागल झालात का. सुशांतनं फाटकाकडे हात केला आणि पहारेकऱ्यानं ते लावून घेतलं. "सॉरी काका, हे चालणार नाही. तुम्ही ती बॅग इथून लांब नेणार असाल तरच गेट उघडेल. नाहीतर मी दुसऱ्या कुणाला तरी बोलावतो. नेणारे खूप आहेत."

अण्णा पिशवी हातात धरून उभा होता. पिशवी हलत होती. माणसं दोन पावलं मागे सरली, पण वाट कुणी सोडली नाही. मी त्याचा दंड धरला आणि हळूच म्हणाले, "हो म्हण. बाहेर पडू. मग काय ते करू."

"अशानंच सव्वीस वर्षं गेली," तो मला म्हणाला आणि त्यांच्याकडे वळला. त्यानं आवाज चढवला नाही. "बोलवा दुसऱ्याला. तो नेईल. मीही नेले, सहा हजार तीनशे अठरा. लोकांनी मला शाली घातल्या. ते सगळे मी मारले. तुम्ही दगडानं मारता, मी लांब नेऊन मारले, एवढाच फरक."

आठांवरून सहा हजारांबद्दल असं बोलता येत नाही. वर्गात कुणी बोललं असतं तर मी तिला उभं केलं असतं. इथे मी त्याचा दंड सोडला.

सुशांतचा चेहरा उतरला. "पण काका... मुलांचं काय?"

"हा तुमच्या मुलांच्या आधीपासून इथे आहे. आजवर कुणाला चावला? खोलीच्या दाराखाली फट आहे, ती बुजवा. कचऱ्यात उंदीर आहेत, तो रोज उचला. मग तो आत कशाला येईल? मी दर आठवड्याला येऊन बघून जाईन. स्वतः. आणि चावलाच कुणाला, तर माझं नाव पोलिसात द्या."

सुशांतनं पहारेकऱ्याला मान हलवून खूण केली. फाटक उघडलं, अर्धंच. तो स्वतः आमच्याबरोबर ओढ्यापर्यंत आला, सगळा वेळ मोबाईलवर चित्रण करत, पुरावा असावा म्हणून. अण्णानं गाठ सोडली. नाग दगडांमधून सरळ एका बिळाकडे गेला, जराही न घुटमळता, आणि दिसेनासा झाला.

परतताना अण्णा खिडकीबाहेर बघत होता. बराच रस्ता गेल्यावर म्हणाला, "श्यामले, इतक्यांत जगले असतील ना गं काही?"

"असतील."

"किती?"

मी काहीही आकडा सांगू शकले असते. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला असता, नेहमी ठेवतो. "माहीत नाही, अण्णा," मी म्हणाले. "आपण बघायलाच गेलो नाही. तूही नाही आणि मीही नाही."

तो रडायला लागला. मी गाडी कडेला घेतली. माझ्याही डोळ्यांना समोरचं दिसत नव्हतं. मागून भोंगे वाजवत गाड्या जात होत्या.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं बाहीनं तोंड पुसलं, घसा साफ केला आणि पलीकडच्याचं ऐकून घेतलं.

"सरी, सरी. हात लावू नका, लांबून लक्ष ठेवा, अर्ध्या तासात येतो," तो कन्नडमध्ये म्हणाला. मग थोडं थांबून, "आणि एक आधीच सांगतो. त्याला मी तिथून नेणार नाही. चालत असेल तर येतो."

पलीकडे काय उत्तर येतं याची वाट बघत आम्ही दोघं बसून राहिलो.